चमच्याची पाठ

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. ॲटलबरो, मॅसॅच्युसेट्स

दसरा. इथे आपटा कुठला मिळायला? नातीने अंगणातली मेपलची पानं वेचून आणली आणि 'आबा, सोनं घ्या' म्हणत माझ्या हातावर ठेवली. आपट्याच्या पानाला निदान आकार तरी ठरलेला असतो. ही पानं लाल, पिवळी, अर्धवट हिरवी, एकासारखं दुसरं नाही. टंच काढायचा झाला तर पंचाईतच.

दुपारी सूनबाईबरोबर जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेलो. एका टोपलीत चमचे ओतून ठेवले होते, कुठलाही दोन डॉलरला. मी सहकारी बँकेत एकतीस वर्षं सोनेतारणाचं मूल्यांकन केलं. वडील हुपरीचे, म्हणजे चांदीतलेच. धातू दिसला की माझा हात विचारत नाही, आपणहून जातो. चमचा उचलायचा, पालथा करायचा, दांड्याच्या पाठीवर काय उमटवलंय ते बघायचं. सहा चमच्यांवर एकच छाप निघाली: '१८४७ रॉजर्स ब्रदर्स'. अठराशे सत्तेचाळीस! म्हणजे सत्तावनच्या बंडाआधी दहा वर्षं. गुपचूप सहाही घेतले, बारा डॉलर मोजले आणि कोणी हाक मारायच्या आत बाहेर पडलो.

रात्री हिला दाखवले. ही चष्मा न लावताच म्हणाली, "एवढी जुनी चांदी दोन डॉलरला देणारा माणूस येडा असंल का?"

३ ऑक्टोबर

येडा मी निघालो.

सकाळी उन्हात भिंग घेऊन बसलो. चमचा टेबलावर ठेवला की त्याचं बूड जिथे टेकतं, तिथे तो सगळ्यात जास्त झिजतो. अस्सल चांदीचा चमचा झिजला तरी आतून चांदीच दिसते. माझ्या सहापैकी चार चमच्यांच्या बुडाशी बोटभर पिवळट डाग होता. मुलामा उडाला होता. कसोटीचा दगड कोल्हापुरात राहिला, पण या कामाला त्याची गरजही नव्हती. ज्याने एकतीस वर्षं दुसऱ्यांचे दागिने घासून पाहिले, त्याने स्वतःचे पैसे देताना भिंग खिशातून काढलं नाही, एवढंच.

मग ग्रंथालयात गेलो. डोरोथी रेनवॉटर यांनी अमेरिकी चांदी-कारखानदारांच्या छापांचा जाडजूड कोशच केला आहे, तो काढून बसलो. रॉजर्स बंधू कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचे. विजेच्या मुलाम्याचा माल त्यांनी १८४७ मध्ये बाजारात आणला. नाव इतकं चाललं की साल हा नावाचाच भाग होऊन बसला. धंदा पुढे दुसऱ्यांच्या हाती गेला, १८९८ मध्ये बरेच कारखाने एकत्र येऊन मेरिडन गावी इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनी उभी राहिली, तरी चमच्यावर १८४७ उठतच राहिलं, विसाव्या शतकात खूप पुढेपर्यंत. आपल्याकडे पेढेवाल्याच्या पाटीवर 'स्थापना १९०५' असतं. ते वाचून समोरचा पेढा १९०५ चा आहे असं समजणारं गिऱ्हाईक मी.

मुलाम्याच्या आत आहे जर्मन सिल्व्हर. तांबं, जस्त आणि निकेल. चांदी औषधालाही नाही. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मन' म्हणतात, तसाच हा नावापुरता 'सिल्व्हर'. मुलाम्याच्या मालावर भारदस्त शब्द फार: 'ट्रिपल प्लेट', 'क्वाड्रुपल प्लेट', 'ए-वन'. खऱ्या चांदीवर एकच शब्द असतो, 'स्टर्लिंग'. हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. बास.

४ ऑक्टोबर, शनिवार

इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं, की सगळा संसार दोन दिवसांत विकायला काढतात. दाराला पाटी लागते, अनोळखी लोक थेट स्वयंपाकघरात शिरतात आणि खण उघडतात. मला चपला काढायचंही सुधरेना. सूनबाई म्हणाली, "बाबा, इथे असंच असतं." असेल.

जेवणाच्या टेबलावर एक दुधाचा चंबू होता, ओंजळीत मावेल एवढा. ह्या वेळी भिंग आधी काढलं. बुडाला तीन बारीक चौकटी. पहिलीत चालता सिंह, दुसरीत नांगर, तिसरीत जुन्या वळणाचं 'जी' अक्षर. खाली 'स्टर्लिंग', आणि एका बाजूला एकटं 'के'. ही प्रॉव्हिडन्सच्या गॉरम कंपनीची छाप. जेबेझ गॉरमने १८३१ मध्ये चांदीचे चमचे करायला घेतले. मुलगा जॉन पुढे वाफेची यंत्रं घेऊन आला आणि दुकानाचा कारखाना झाला. १८६८ मध्ये त्यांनी नाण्यांच्या टंचाची चांदी सोडून स्टर्लिंगचा टंच धरला आणि त्याच वर्षापासून भांड्यांवर सालाचं अक्षर उठवायला लागले. ६८ ला 'ए', ६९ ला 'बी'. बोटं मोजली. 'के' म्हणजे १८७८. हे साल मात्र खरं.

इंग्लंडात सोनाराने भांडं केलं की ते सरकारमान्य कसोटीघरात जातं, तिथे टंच तपासला जातो आणि मग सिंहाचा शिक्का बसतो. तो सिंह सोनाराचा नव्हे, तपासणाऱ्याचा. अमेरिकेत असं कसोटीघर जवळजवळ नव्हतंच. फक्त बाल्टिमोरमध्ये १८१४ पासून १८३० पर्यंत सरकारी तपासनीस होता. तेवढं सोडलं तर कोणी बघणारा नाही. पण गिऱ्हाइकाच्या डोळ्याला चार इंग्रजी शिक्क्यांची सवय. मग इथल्या कारागिरांनी स्वतःच सिंह, राजाचं डोकं, अक्षरं असे ठसे कोरून घेतले आणि ओळीने मारले. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, माल लंडनचा. गॉरमचा नांगरही बर्मिंगहॅमच्या कसोटीघराच्या नांगराची आठवण करून देतो. अर्थात त्यांच्याकडे उत्तर तयार: नांगर हे आमच्या ऱ्होड आयलंड राज्याचंच चिन्ह आहे. आणि त्यांचा सिंह उजवीकडे तोंड करून चालतो, इंग्रजांचा डावीकडे. वकिलाला एवढा फरक पुरतो.

चंबूच्या पोटावर मालकिणीची आद्याक्षरं एकमेकांत गुंतवून कोरली होती. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नावं घालतात, ती आठवली. आमच्या घरी एका कळशीवर अजून माझ्या आत्याचं माहेरचं नाव आहे; आत्या जाऊन वीस वर्षं झाली. इथेही तेच. नाव राहिलं, चंबू दोनशे चाळीस डॉलरला टेबलावर आला. घेतला नाही. नावासकट दुसऱ्याचं भांडं घरात आणायला मन धजेना.

७ ऑक्टोबर

मुलाने सुट्टी काढून टॉन्टनला नेलं. वीस-पंचवीस मिनिटांची वाट. या गावाला 'सिल्व्हर सिटी' म्हणत. रीड अँड बार्टनचा कारखाना ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव वेस्ट ब्रिटानिया स्ट्रीट. ब्रिटानिया म्हणजे कुणी राणी नव्हे, कथिल, अँटिमनी आणि थोडं तांबं यांचा मिश्रधातू. मिश्रधातूवरून रस्त्याला नाव पडलेलं मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही.

१८२४ च्या सुमारास आयझॅक बॅबिट आणि विल्यम क्रॉसमन यांनी इथे कथलाची भांडी करायला सुरुवात केली. बॅबिट! मी गाडीतच ओरडलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मेव्हण्याचा लेथ होता. ऑइल इंजिनाच्या बेअरिंगला 'बॅबिट ओतणे' हा शब्द मी पोरवयापासून ऐकतोय. ते मला कुठल्यातरी धातूचंच नाव वाटायचं. तो हा माणूस. चहाची किटली करता करता १८३९ मध्ये त्याने बेअरिंगचा धातू काढला. किटल्या रीड आणि बार्टन या आडनावांनी विकल्या गेल्या. बॅबिटचं नाव उद्यमनगरातल्या मिस्त्रीच्या तोंडी राहिलं. त्यावर छाप लागली नाही.

विटांच्या लांबलचक इमारती नदीकाठी उभ्या आहेत. गरुड, ढालीत 'आर' आणि सिंह अशी त्यांची छाप. २०१५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. दिवाळखोरीचं कारण विचारलं तर मुलगा म्हणाला, "बाबा, आमच्या लग्नात तुम्ही चांदीचं ताट दिलंत. गेल्या बारा वर्षांत किती वेळा जेवलो त्यात?"

९ ऑक्टोबर, गुरुवार

चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या वर गेली. जानेवारी १९८० मध्ये टेक्ससच्या हंट बंधूंनी चांदी साठवून भाव पन्नासच्या आसपास नेला होता, त्याची आठवण झाली. कोल्हापूरहून दोन फोन आले. तिकडचा भाव मला सांगायला, जणू मी इथे चंद्रावर आहे.

१० ऑक्टोबर

चौकातल्या नाण्यांच्या दुकानावर पाटी: 'स्टर्लिंग विकत घेतो'. आत रांग. मी नुसताच बघत उभा राहिलो, जुनी सवय. एका बाईने फडक्यात गुंडाळलेले बारा चमचे काढले. दुकानदाराने 'स्टर्लिंग' शब्द पाहिला आणि चमचे तागडीत टाकले. नक्षी कोणती, कारखाना कोणता, कोणाच्या लग्नातले, काही विचारलं नाही. चमचा जेमतेम औंसाचा. सुऱ्या मात्र त्याने बाजूला काढल्या: मूठ चांदीच्या पत्र्याची, पोकळ, आत भराव, पातं पोलादाचं. मेणबत्तीच्या घोड्या तर त्याने हातोडीने फोडल्या. बाहेर कागदासारखा पत्रा, आत सिमेंट. तळाला तसं प्रामाणिकपणे लिहिलेलंही असतं, 'वेटेड'. आपल्याकडच्या लाख भरलेल्या दागिन्याचा हा थोरला भाऊ. बँकेत असा डाग आला की मी लाखेचं वजन वजा करायचो आणि समोरची बाई मी तिचाच काही भाग वजा करतोय अशा नजरेने बघायची. आजही तीच नजर होती, फक्त डोळे निळे.

आठवडाअखेर हे सगळं मुशीत जाईल. ऐंशी सालीही असंच ढिगाने गेलं म्हणतात. छापेचा सगळा अभ्यास तागडीपाशी संपतो.

११ ऑक्टोबर, शनिवार. बोस्टन

गाडीने रगल्स स्थानकावर उतरलो आणि चालत म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स गाठलं. नातीला ममी बघायच्या होत्या, मला एक वाडगा. आधी ममी झाल्या.

पॉल रिव्हियरचा 'सन्स ऑफ लिबर्टी' वाडगा. १७६८. मॅसॅच्युसेट्सच्या सभागृहाने करांविरुद्ध इतर वसाहतींना पत्र पाठवलं होतं. राजाचा हुकूम आला की पत्र मागे घ्या. ब्याण्णव सभासदांनी नाही म्हटलं. त्या ब्याण्णवांच्या नावे हा वाडगा. काठाभोवती वाडगा करवून घेणाऱ्या पंधराजणांची नावं कोरलेली. म्हणजे राजद्रोहाच्या कागदावर सही करावी तशी भांड्यावर नावं घातली. वजन ४५ औंस. ४५ हा आकडा मुद्दाम घेतला, कारण लंडनच्या जॉन विल्क्सने राजावर टीका केली ती त्याच्या पत्राच्या ४५ व्या अंकात. मी आपला मनात तोळे केले. औंसाचे पावणेतीन तोळ्यांना थोडे कमी, पंचेचाळीसचे बरोबर एकशेवीस. एकशेवीस तोळ्यांचं हे बंड. १९४९ मध्ये संग्रहालयाने तो विकत घेतला तेव्हा शाळेतल्या सुमारे सातशे मुलांनीही पैसे घातले.

पत्रा कुठेही ताणलेला नाही. पोट फुगतं आणि काठाशी हलकेच बाहेर वळतं, त्या वळणात हातोडीचा एक घाव चुकता तर दिसता. आमच्याकडे मठारकाम केलेल्या तांब्याच्या हंड्यावर घाव मुद्दाम ठेवतात, चंद्रकोरीसारखे चमकतात. इथे सगळे पुसून टाकलेत. कौशल्य कुठलं मोठं, मला ठरवता येईना; मला हंडा जास्त आवडतो.

जवळच कॉप्लीने त्याच वर्षी काढलेलं रिव्हियरचं चित्र. बाह्यांचा सदरा, अंगरखा नाही, हातात चहाची किटली, अजून नक्षी व्हायची आहे; टेबलावर कोरणी. त्या काळी आपल्या कामाच्या कपड्यांत चित्र काढून घेणारा कारागीर म्हणजे धीटच. रिव्हियर दातही बसवायचा, आणि त्याच्या हिशेबवहीत एका पाळीव खारीसाठी केलेल्या चांदीच्या साखळीची नोंद आहे. बाप फ्रान्समधून तेराव्या वर्षी आलेला अपोलोस रिव्हवार, जॉन कोनीकडे उमेदवारी केली. इथल्यांच्या जिभेला नाव वळावं म्हणून पॉल रिव्हियर झाला. माझ्या मुलाचं नाव त्याच्या ऑफिसात तीन अक्षरांचं झालंय. तेव्हा छाप बनायच्या आधी नाव बदलतं, हा इथला रिवाज जुना आहे.

या लोकांना चांदी मिळायची कुठून? खाण नव्हती. लोक स्पॅनिश रुपये, मोडकी भांडी घेऊन कारागिराकडे यायचे: हे आटवा आणि ह्याचा मग करा. बँका नव्हत्या. नाणी चोरीला गेली तर गेली. मगावर कारागिराची छाप आणि मालकाची तीन अक्षरं, वर आडनावाचं, खाली नवराबायकोची एकेक. चोरी झाली की वर्तमानपत्रात त्या खुणांसकट जाहिरात द्यायची. कपाटातला मग म्हणजे नाव घातलेली ठेव पावती. बोस्टनचे जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन तर भांडीही करत आणि वसाहतीची नाणीही पाडत. टांकसाळ १६५२ मध्ये निघाली, आणि झाडाचं चित्र असलेल्या शिलिंगवर पुढची तीस वर्षं १६५२ हेच साल राहिलं. टांकसाळीचा अधिकार राजाचा होता, तेव्हा नवं साल घालून डिवचायचं कशाला. साल वाचून फसणारा मी पहिला नव्हे, याचं जरा बरं वाटलं.

१२ ऑक्टोबर

प्रॉव्हिडन्स. विधानभवनाच्या घुमटावर भाला घेतलेला सोनेरी माणूस उभा आहे, तो १८९९ मध्ये गॉरमच्या कारखान्यातच ओतला. कारखाना होता तिथे, माशापॉग तळ्याकाठी, आता शाळा आहे. तळ्याच्या गाळात आणि आजूबाजूच्या जमिनीत कारखान्याची घाण उतरली होती, ती काढायचं काम वर्षानुवर्षं चाललं. तळ्यातले मासे खाऊ नका म्हणून सांगतात. चंबूच्या बुडाशी सिंह, नांगर आणि जी होते. तळ्याच्या बुडाशी काय होतं, ते छापेत मावत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी. पाऊस. घरीच वाचत बसलो.

पीटर बेंट्झन. कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर १७८३ च्या सुमारास जन्म, आफ्रिकी रक्ताचा, स्वतंत्र, गुलाम नव्हता. फिलाडेल्फियात काम शिकला, तिथे आणि सेंट क्रॉय बेटावर दुकान चालवलं. त्या काळातल्या आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी चांदीकारांपैकी स्वतःच्या छापेवरून ज्याचं काम आज ओळखता येतं, असा हा एकटाच. एकटाच! आणि फिलाडेल्फियात, चार्ल्स्टनमध्ये कितीतरी चांदीकारांच्या दुकानांत गुलाम भाता ओढत, पत्रा ठोकत, उजाळा देत होते. त्यांनी ठोकलेल्या मगाच्या बुडावर मालकाचं नाव आहे.

इथे मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

हुपरीत पैंजण एका घरात होत नाही. एकाकडे चांदी आटते, दुसरा तार ओढतो, तिसऱ्या घरात बायका कड्या गुंफतात, कोणी झाळतो, कोणी घुंगरं लावतो, शेवटी उजाळा. माझी आई कड्या गुंफायची. दुपारी जेवणं झाली की परात घेऊन बसायची आणि संध्याकाळपर्यंत मान वर नसायची. ते पैंजण मुंबईला, मद्रासला, कुठे कुठे गेले. कडीवर छाप मारायला जागा नसते, हे खरं. आणि असती तरी ती आईची नसती.

ॲटलबरोच्या वायव्येला दीडेक तासावर गार्डनर म्हणून गाव आहे. तिथे आर्थर स्टोन नावाचा इंग्लंडहून आलेला चांदीकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखाना चालवायचा. त्याच्या छापेत त्याचं आडनाव आणि त्यावरून आडवी जाणारी हातोडी आहे. आणि शेजारी, ज्या कारागिराने ते भांडं प्रत्यक्ष घडवलं त्याच्या नावाचं एक अक्षर. एकच अक्षर. एवढ्या सगळ्या कोशात मला त्याच्याविषयी आदर वाटला.

१४ ऑक्टोबर

ओनायडा कंपनीविषयी वाचलं. न्यूयॉर्क राज्यातला एक धर्मपंथ, १८४८ चा: मालमत्ता सगळ्यांची, आणि लग्नंही सगळ्यांची सगळ्यांशी. पंथ मोडला, १८८१ मध्ये त्याची भागभांडवली कंपनी झाली आणि तिने अमेरिकेतल्या सभ्य, एकपत्नी संसारांना मुलाम्याचे काटे-चमचे पुरवले. छापेवर नाव: 'कम्युनिटी'. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "आणि आमच्या टीव्हीवर तो शिंगांवाला ओनिडाचा सैतान होता, तो ह्यांच्यातलाच का?" तो वेगळा, असं सांगितलं. पटलेलं दिसलं नाही.

१६ ऑक्टोबर

कायदा. १९०६ पर्यंत अख्ख्या देशासाठी चांदीच्या टंचाचा कायदाच नव्हता. त्या जूनमध्ये अमेरिकी काँग्रेसने केला: 'स्टर्लिंग' म्हणायचं तर ९२५ भाग, 'कॉइन' म्हणायचं तर ९००, थोडी सूट. मुद्दा असा, की टंच लिहाच अशी सक्ती नाही. लिहिलात तर खरा लिहा. आणि १९६१ मध्ये त्यात भर घातली: टंच लिहिलात, तर शेजारी स्वतःची नोंदलेली छापही मारा. तुमच्या शब्दाला तुमचं नाव जामीन. सरकारी सिंह नाहीच.

आपल्याकडे नेमकं उलट. सोन्याच्या दागिन्यावर २०२१ पर्यंत चार खुणा असत, त्यांतली एक सराफाची. त्या वर्षी नवी पद्धत आली: मानक ब्युरोचं चिन्ह, टंच आणि सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. सराफाची खूण गेली. तो त्या क्रमांकात लपला, फोनवर शोधला तर सापडतो. गेल्या महिन्यापासून चांदीलाही तो क्रमांक घेता येतो, ऐच्छिक. मूल्यांकन करणारा म्हणून मी म्हणेन आपली पद्धत पक्की आहे. तपासणारा तिसरा माणूस हवाच. सोनाराने सख्ख्या आईचं सोनं सोडलं नाही म्हणतात. पण शंभर वर्षांनी माझ्यासारखा कुणी म्हातारा नातीचा पैंजण पालथा करेल, तेव्हा त्याला सहा अक्षरं दिसतील आणि ती उघडणारं यंत्र तेव्हा चालू असेल तर नाव. सराफाचं. कड्या गुंफणारीचं तरीही नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. चांदी काहीतरी घ्यायला हवी म्हणून ही सकाळपासून मागे. त्या दोन डॉलरच्या टोपलीत परत हात घातला, ह्या वेळी भिंगासकट, आणि तळाशी एक लहान बाळचमचा सापडला. दांड्याच्या पाठीवर फक्त 'कॉइन' आणि कुणा कारागिराचं झिजून गेलेलं आडनाव. शेवटचं अक्षर 'एन' असावं. नाणी आटवून केलेला, १८६८ च्या आगेमागेचा म्हणजे जुनाच. दोन डॉलर. कोल्हापुरात बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी-चमचा देतात, तेवढाच हा. बुडाला दाताचे व्रण आहेत. हिला दिला. ही काही बोलली नाही, म्हणजे पास.

संध्याकाळी हिने पूजेला आपली डबी काढली. आईने दिलेले पाच राजाछाप रुपये, दर दिवाळीला हळदकुंकू लागून लागून पिवळे पडलेले. एकावर १९१८. मी तो घेऊन दिव्यापाशी गेलो.

१९१८ मध्ये, महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, हिंदुस्थानात लोक नोटा नाकारून चांदीचे रुपये मागत होते आणि सरकारचा साठा आटत चालला होता. ब्रिटिशांनी अमेरिकेला हात पसरला. एप्रिलमध्ये तिथे पिटमन कायदा झाला. तिजोरीतले २७ कोटींवर चांदीचे डॉलर आटवले आणि त्यांतली जवळजवळ २६ कोटी डॉलरांची चांदी औंसाला एक डॉलर भावाने ब्रिटनला विकली, हिंदुस्थानच्या रुपयांसाठी. डॉलरचा टंच ९००, रुपयाचा ९१६. हिशेब केला तर एका डॉलरातल्या शुद्ध चांदीचे बरोबर सव्वादोन रुपये होतात, ना गुंज इकडे ना तिकडे. त्या डॉलरांवर एका बाईचं डोकं होतं आणि मानेपाशी नक्षीकार जॉर्ज मॉर्गनच्या नावाचा बारीक 'एम'. तो आटणीत गेला. आणि त्या रुपयांतले कितीतरी पुढे आमच्या हुपरीत आटले आणि त्यांचे वाळे झाले. तेव्हा त्यांच्यावरचा पंचम जॉर्जही आटला.

पंचम जॉर्जच्या रुपयाला कुणाची सही नाही. फक्त मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला असेल, तर मागच्या बाजूला वेलबुट्टीच्या तळाशी एक उठावदार ठिपका असतो, मोहरीहून लहान. कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो.

हळद पुसून पाहिलं. ठिपका आहे.